क्विम्बीचा हात

ॲम्ब्रोज क्विम्बी गेल्या मार्चमध्ये गेला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. ओरिओल चित्र कंपनीचे माजी दिग्दर्शक, मूळचे व्हरमॉन्टचे, अल्प आजाराने निधन. अल्प आजार म्हणे. तो माणूस निम्मं आयुष्य आजारी होता, आणि आमच्या अख्ख्या फोर्ट ली गावाला ते ठाऊक होतं.

दफनाला पाद्री सोडला तर मी आणि माझी बहीण टिली, एवढ्याच होतो. एके काळी ज्याचे मूकपट पाहून बायका रुमाल पिळायच्या, त्याच्या पेटीमागे दोन बिनलग्नाच्या, पन्नाशीच्या बहिणी. पेटी बंद करण्याआधी मी पुढे झाले आणि त्याचा उजवा हात बघितला. स्वस्थ होता. खरं सांगायचं तर मी तेवढं बघायलाच गेले होते. त्या हाताची गोष्ट माझ्याशिवाय आता कोणी सांगणार नाही, कारण टिली त्यावर बोलत नाही. मला क्विम्बीचा राग होता आणि आहे, पण दोन ओळींत गुंडाळावा असा तो माणूस नव्हता.

मी फ्रीडा ॲम्सलर. ओरिओलच्या कपडेखोलीत मी शिवणकाम करायचे. राणीचा झगा, भिकारणीच्या चिंध्या, शिपायाचा कोट, सगळं माझ्याच सुईखालून जायचं. टिली माझ्याहून लहान. सातव्या वर्षी तिला लाल ताप आला आणि कान गेले. ती खाली युनियन हिलला भरतकामाच्या गिरणीत कामाला होती. तिथे यंत्रांचा एवढा गोंगाट, की धड कानांच्या बायकाही एकमेकींचे ओठ बघूनच गप्पा मारायच्या. टिलीचा त्यात हात कोणी धरू शकत नसे. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ती लोकांची भांडणं मला जशीच्या तशी सांगायची.

क्विम्बीचा बाप व्हरमॉन्टमध्ये शवपेट्या बनवायचा. मुलाने त्याच गिऱ्हाइकांवर स्वतःचा धंदा काढला, फोटोचा. त्या काळी घरातलं लहान मूल गेलं की त्याचा एकही फोटो नसायचा, मग दफनाआधी एक काढून ठेवायचे. क्विम्बी गावोगाव कॅमेरा घेऊन त्यासाठी जायचा. मूल आईच्या मांडीवर कसं टेकवायचं, चमच्याच्या दांडीने पापण्या कशा उघडायच्या, गालाला रंग किती लावायचा, हे तो आम्हाला दुपारी सॉसेज खाता खाता सांगे.

"फोटोला मेलेल्या माणसांसारखी माणसं नाहीत," तो म्हणायचा. "हलत नाहीत, तक्रार करत नाहीत. जिवंतांना काय, सतत काहीतरी हवं असतं."

पुढे हलती चित्रं आली तेव्हा त्याने एक यंत्र विकत घेतलं आणि तंबूंतून, चर्चच्या तळघरांतून खेळ दाखवत फिरू लागला. तेव्हा यंत्राला मोटर नव्हती. हाताने हँडल फिरवायचं, एका लयीत. लय चुकू नये म्हणून तो एक प्रार्थनागीत तोंडातल्या तोंडात गुणगुणायचा, कायम तेच. आणि त्या फिल्मची एक जात होती, ती जवळपास बारुदीचीच. दिव्यासमोरून पळती आहे तोवर ठीक. जरा एका जागी थांबली की दिव्याच्या आचेने जागच्या जागी पेट घ्यायची. एका तळघरात त्याच्या भागीदाराला शिंक आली, हात थांबला, आणि क्विम्बीची डावी भुवई त्या दिवशी जी गेली ती पुन्हा उगवली नाही. तेव्हापासून त्याचा एकच धर्म. घर अंगावर पडलं तरी हात थांबवायचा नाही.

कॅमेऱ्यात दिवा नसतो. चित्र घेताना हँडल थांबवलं म्हणून काही जळत नाही. पण दिग्दर्शक झाल्यावरही त्याने तो धर्म सोडला नाही. एकदा घोडा बिथरून देखाव्याच्या भिंतीत घुसला, नट जीव घेऊन पळाले, आणि हा कर्ण्यातून ओरडत होता, "फिरव मलॉय, फिरव, थांबू नको." मलॉय म्हणजे आमचा कॅमेरावाला. त्या घोड्यामुळे तो मूकपट फार चालला, आणि मग क्विम्बीला समजवायला कोणी उरलं नाही.

कोरा हॅरिंग स्टुडिओत अंडी द्यायला यायची. तिच्या बापाची वर टेकडीवर कोंबड्यांची शेती होती. एक दिवस ती काचेच्या छपराखाली टोपली घेऊन उभी होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. क्विम्बी तिकडून ओरडला, "हलू नकोस."

"का?" ती म्हणाली. "मेले की काय मी?"

सगळा स्टुडिओ हसला. क्विम्बी हसला नाही, पण वर्षाच्या आत त्याने तिच्याशी लग्न केलं. पडद्यावर ती फार गोड दिसायची आणि पडद्याबाहेर तिच्या जिभेला धार होती. नवऱ्याने मेलेल्या पोरांच्या गोष्टी काढल्या की ती त्याच्या ताटातलं सॉसेज उचलून आपल्या ताटात घ्यायची. "तुझं पोट भरलेलं दिसतंय," म्हणायची. टिलीशी ती समोर उभी राहून, सावकाश, साधं बोलायची. बाकीचे टिलीच्या तोंडाशी ओरडायचे, तशी कोरा कधी ओरडली नाही. म्हणून टिलीला तिचे ओठ माझ्याहून चांगले कळायचे.

मूकपट मुका असतो तो तिकीट काढणाऱ्यांसाठी. चित्र घेताना तिथे बाजार भरलेला असे. सुतार ठोकताहेत, शेजारी दुसरा देखावा चाललाय, क्विम्बी कर्ण्यातून सूचना देतोय, आणि नटांनी ओठ हलवायचे म्हणून काहीबाही बोलायचं. ते कोण ऐकणार? प्रेक्षकांसाठी मागाहून अक्षरांची पाटी यायची. शनिवारी मी टिलीला मेन स्ट्रीटच्या चित्रगृहात न्यायचे आणि ती भलत्याच वेळी हसायची. खलनायक सुरा उगारून उभा आहे, नायिका पाय धरते आहे, सगळं थिएटर हुंदके देतंय, आणि माझी बहीण खिदळतेय.

"काय झालं?" मी तिला कोपर मारायचे.

"तो म्हणतोय, परत कांदा खाऊन आलीस तर खरंच भोसकीन," ती म्हणायची. तिचा आवाज सपाट होता आणि तो किती मोठा आहे हे तिला कळायचं नाही. मग आजूबाजूचेही हसायचे.

हे क्विम्बीच्या कानावर गेलं. त्याने टिलीला बोलावून घेतलं आणि त्यानंतर प्रत्येक नवं रीळ आधी तिला दाखवायला लागला. नटांच्या शिव्या निघाल्या की त्यांची हजेरी घ्यायचा. टिलीला तो खेळच होता. हे मुद्दाम सांगते, कारण टिलीला काय वाचता येतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

एरवी आमचा बर्फ म्हणजे मीठ आणि कागदाचे कपटे. दोन माणसं शिडीवर चढून पाखडायची आणि कोरा म्हणायची, मेल्यांनो, नाकात जातंय. त्या जानेवारीत खरा बर्फ पडला, असा की नदीतली फेरीबोट बंद झाली आणि मलॉय न्यूयॉर्कच्या काठालाच अडकला. क्विम्बी सकाळी कपडेखोलीत आला तो लहान पोरासारखा फुलून. एवढा बर्फ फुकटात मिळतोय, कॅमेरा मीच चालवतो, म्हणाला.

कथा अशी होती की नवऱ्याने घराबाहेर काढलेली बायको बर्फातून परत येते, दार ठोठावते, दार उघडत नाही. ती वळते, नवऱ्याला क्षमा करते आणि पायरीवर मरते. त्यासाठी सुती झगा ठरला होता. मी म्हटलं, "आतून लोकरीचं काहीतरी घालू दे तिला."

"लोकर घातली की बाई पोत्यासारखी दिसते, फ्रीडा."

"आणि न घातली की आजारी पडते."

"राहू दे गं," कोरा म्हणाली. "एका प्रसंगाचा तर प्रश्न आहे. कॉफी तेवढी गरम ठेव." आणि नवऱ्याकडे वळून, "आणि तू, मी हात वर केला की थांबायचं. कळलं का?"

"तू अभिनय कर," तो म्हणाला. "थांबायचं कधी ते मी बघतो."

कड्याच्या टोकाला एक रिकामं घर होतं, तिकडे दोघंच गेली. मी कॉफी तीनदा तापवली. परत आली तेव्हा कोरा स्वतःच्या पायांनी चालत होती, पण तिच्या झग्याचा घेर गोठून फळीसारखा झाला होता. बटणं निघेनात. मी कात्री घेतली आणि झगा अंगावरच कापून काढला.  तिचे दात वाजत होते आणि आवाज पार बसला होता. तिने माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं.

क्विम्बी मागे उभा होता, टोपीवरचा बर्फही त्याने झटकला नव्हता. "काय मेली ती, फ्रीडा," तो म्हणाला. "मी इतकी माणसं पाहिली, पण असं मेलेलं कोणी पाहिलं नाही."

न्यूमोनिया झाला. आठवडाही निघाला नाही. शेवटपर्यंत तिचा आवाज परत आला नाही. हॅरिंगबाबांनी तिला कोइट्सव्हिलच्या दफनभूमीत पुरलं आणि जावयाशी पुन्हा बोलले नाहीत. क्विम्बीने दुसऱ्या दिवशी स्वतःला फिल्म कापायच्या खोलीत कोंडून घेतलं. बाहेर आला तेव्हा मूकपट तयार होता. जिथे कोरा दारापासून वळून आपल्याकडे बघते आणि बोलते, तिथे त्याने पाटी घातली होती. 'मी तुला क्षमा केली आहे.'

असा मूकपट त्याने आधी काढला नव्हता आणि नंतरही नाही. मेन स्ट्रीटवर रांगा लागल्या. मी टिलीला घेऊन गेले. कोरा बर्फातून आली तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली, शेजारची बाई तर हुंदके देत होती. मी टिलीकडे बघितलं. ती हसत नव्हती, रडत नव्हती. कोरा वळली, ओठ हलले, आणि टिली उठून लोकांच्या गुडघ्यांवरून तडक बाहेर गेली.

मी तिला फुटपाथवर गाठलं. "काय म्हणाली ती?"

"हे मला परत दाखवू नको," टिली म्हणाली. दुसरं काही नाही. त्यानंतर ती ओरिओलमध्ये आलीच नाही.

आणि क्विम्बीने तिला बोलावलंही नाही. प्रत्येक रीळ तिला दाखवणारा माणूस, त्याने एवढं एकच दाखवलं नाही. मी त्याला ओळखून होते. पाटी त्याने लिहिली होती, आणि तिच्यावर त्याचा विश्वास बसत चालला होता. कोरा खरोखर तसं म्हणाली असेल तर तिने त्याला माफ करून जीव सोडला. नसेल तर त्याने काय केलं होतं, ते आम्हा सगळ्यांना दिसतच होतं.

पुढचं झरझर सांगते, कारण तेही झरझरच झालं. सगळ्या कंपन्या एकेक करून कॅलिफोर्नियाला उन्हात गेल्या. युद्धात कोळसा मिळेना, काचेच्या छपराखाली शाई गोठायला लागली. मग तापाची साथ आली. ओरिओल बंद झाली आणि तिची जुनी रिळं, फिल्म वितळवून तिच्यातली चांदी काढणाऱ्याने गाडी भरून नेली. क्विम्बीलाही कॅलिफोर्नियाचं बोलावणं होतं. तो गेला नाही. तिकडे बर्फ पडत नाही, एवढंच म्हणाला. तो मेन स्ट्रीटच्या चित्रगृहात यंत्रावर बसायला लागला, ज्याचे मूकपट तिथे चालायचे तोच आता दुसऱ्यांचे दाखवायचा. मग यंत्रांना मोटर आली आणि तेही काम सुटलं.

हात मात्र सुटला नाही. दुकानात रांगेत उभा असला, चर्चच्या बाकावर बसला असला, तरी त्याचा उजवा हात मांडीशी फिरत असायचा, एका लयीत, आणि ओठांत ते प्रार्थनागीत. समोरच्याला आधी हसू यायचं, मग नकोसं व्हायचं. खाटीक त्याला म्हणायचा, "मिस्टर क्विम्बी, तुमचं झालं की सांगा, मग मांस तोलतो." तो हसायचा, पण हात चालूच.

चांदीवाल्याच्या गाडीतून त्याने एकच रीळ वाचवलं होतं. दर रविवारी चर्चहून आला की काळा कोट तसाच अंगावर ठेवून तो खिडक्यांचे पडदे ओढायचा आणि स्वयंपाकघरात आपलं जुनं यंत्र लावायचा. त्या यंत्राचे दाते टकटक टकटक वाजायचे. रस्त्यावर ऐकलं तर कोणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटे. शेजारच्या मिसेस ड्रमगूल मला गंभीरपणे म्हणाल्या होत्या, "फ्रीडा, त्या घरात बाई आहे. तिला बाहेर यायचंय." मी त्यांना वेड्यात काढलं. पण रविवारी त्या बाजूने जाणं मीही टाळायचे.

एका ऑगस्टमध्ये तो आमच्या दारात आला. हाडं तेवढी उरली होती. खोकत होता. मी त्याला लिंबाचं सरबत दिलं, ते त्याने डाव्या हाताने घेतलं.

"मला टिली हवी आहे," तो म्हणाला. "एकदाच."

"इतकी वर्षं नको होती ती?"

"तुला माहीत आहे का नको होती ते." त्याने पेला खाली ठेवला. "मी कोराला सांगितलं होतं, वळलीस की म्हण, मी तुला क्षमा केली आहे. वारा होता. मी कर्ण्यातून ओरडत होतो. ती बोलली, पण काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणतो माझं फुप्फुस गेलंय. ते कळल्याशिवाय मला मरायचं नाही, फ्रीडा."

"आणि ती तसं म्हणाली नसेल तर?"

"तर तेही माझंच आहे. दुसऱ्या कोणाचं नाही."

टिली खिडकीशी भरतकाम करत बसली होती. त्याचे ओठ तिने पाहिले होते. सुई खोचून ठेवली आणि म्हणाली, "रविवारी येईन."

तो गेल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले. "हे बघ," मी म्हटलं, "मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं ते तुला कळतं. पाटीवर आहे तेच सांग."

"पाटी त्याने लिहिली. तोंड तिचं आहे."

"ती जाऊन किती वर्षं झाली. तिला आता काय फरक पडतो?"

टिलीने सुई पुन्हा हातात घेतली. "बरं," ती म्हणाली. "पाटीवरचंच सांगेन." मी तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं, दोनदा.

रविवारी दुपारी उकाड्याने जीव जात होता. क्विम्बीच्या स्वयंपाकघराचे पडदे ओढलेले, दिव्याची धग वेगळीच, आणि तो काळ्या कोटात गळ्यापर्यंत बटणं लावून. भिंतीवर चादर ताणली होती. त्या रिळातून त्याने आपली पाटी कापून काढली होती. "मध्ये काही येणार नाही," तो म्हणाला. "तिचा चेहरा सलग दिसेल." टिलीला त्याने अगदी पुढे बसवलं. मी तिचा हात धरला. त्याने दिवा मोठा केला, गुणगुणायला लागला आणि हँडल फिरवलं.

मला पहिल्यांदा वाटलं, बर्फ एवढा नव्हता. चित्रगृहात पाहिला त्याच्या कितीतरी पट पडत होता. मग लक्षात आलं, ते ओरखडे होते. रविवारमागून रविवार फिरवून फिल्म झिजली होती आणि प्रत्येक ओरखडा पडद्यावर बर्फ होऊन पडत होता. त्यातून कोरा आली. मी शिवलेला झगा तिच्या पायांना चिकटला होता. ती पायरी चढली आणि दार ठोठावू लागली, आणि यंत्राचे दाते नेमके तिच्या मुठीबरोबर वाजत होते. टकटक, टकटक. मिसेस ड्रमगूल आठवल्या आणि ऑगस्टच्या त्या धगीत माझ्या अंगावर काटा आला. कोराने हात वर केला. कोणी थांबलं नाही. हात तसाच खाली आला. मग ती वळली आणि सरळ आमच्याकडे बघू लागली.

तिचे ओठ हलले आणि खोलीत आवाज आला.

"थांब," आवाज म्हणाला.

टिली बोलत होती. तिची नजर भिंतीवर खिळली होती आणि तिचे ओठ कोराच्या ओठांबरोबर हलत होते, ना आधी ना नंतर. मी तिचा हात दाबला, कबूल केलेलं आठवावं म्हणून. तिला कळलं नसावं.

"ॲम्ब्रोज, थांब आता. पुरे झालं. माझे पायच जाणवत नाहीयेत मला."

मागे गुणगुणणं बंद पडलं. टकटक चालू होती.

"हात थांबव," टिली म्हणाली, म्हणजे कोरा म्हणाली. मला आजही धड सांगता येत नाही कोण म्हणालं. "मला थंडी वाजतेय. का फिरवतोयस अजून? हात थांबव ना."

मी मागे वळून क्विम्बीकडे बघितलं. तो चादरीकडे बघत होता आणि त्याचा चेहरा एखाद्याने बऱ्याच वेळाने हाक ऐकावी तसा होता. मला वाटतं मी ओरडले. यंत्राशी काय होणार ते मला माहीत होतं, त्याला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. त्याने हँडलवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला.

टकटक थांबली. भिंतीवरचा बर्फ जागच्या जागी थांबला आणि कोरा आमच्याकडे बघत उभी राहिली, मुकी, तोंड जरासं उघडं. मग तिच्या छातीवर एक तपकिरी डाग उठला, फुगला आणि चेहऱ्यापर्यंत पसरला. पुढच्या क्षणी यंत्रातून जाळ निघाला.

मी टिलीला दारातून ढकललं आणि परत जाऊन क्विम्बीला कॉलरला धरून ओढलं. तोंडाला येईल ते बोलत होते. तो खुर्चीत तसाच बसून होता, भिंतीकडे बघत, आणि ओढताना वजन असं लागलंच नाही. ड्रमगूलांची मुलं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. घर वाचलं. स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली. रीळ आणि यंत्र गेलं.

अंगणात मक्याच्या वाफ्याशी आम्ही तिघं उभी होतो. ऊन डोक्यावर तापत होतं. क्विम्बी खोकून खोकून लाल झाला होता. जरा दम आल्यावर तो टिलीच्या समोर आला, तिला दिसेल असा, आणि सावकाश विचारलं, "आणि पुढे? पुढे काय म्हणाली?"

"पुढचं जळलं," टिली म्हणाली. "ती अजून बोलत होती. तुम्ही थांबलात."

"पण तू पूर्वी पाहिलं होतंस ना. चित्रगृहात."

"मी तिथेच उठले होते. याच जागी."

मला वाटलं तो आता कोसळणार. ज्यासाठी तो जगला होता ते उत्तर पुढच्या दोन हात फिल्मवर असेल किंवा नसेल, आणि ती फिल्म त्याने आपल्या हाताने जाळली होती. मी त्याला धरायला पुढे झाले. पण तो टिलीच्या ओठांकडे बघत होता, मघाशी भिंतीकडे बघत होता तसा.

"थांब म्हणाली होती," तो म्हणाला. "मग थांबायलाच हवं होतं."

मग त्याने तो काळा कोट काढला. बटणं काढायला वेळ लागला, कारण तो दोन्ही हातांनी काढत होता आणि त्याच्या उजव्या हाताला दुसऱ्या कामाची सवय राहिली नव्हती. कोट त्याने टिलीच्या खांद्यांवर घातला, कॉलर वर केली आणि बटणं एकेक करून लावत गेला, थेट गळ्यापर्यंत. घाम तिच्या कपाळावरून ओघळत होता. ती हलली नाही.

"थांबवला बघ मी हात," तो तिला सांगत होता. "चल आता आत. फ्रीडाने कॉफी ठेवली असेल."